दाब, धर, सोड

ब्रेक दाबला की गाडी थांबावी, एवढीच थोरल्यांची माफक अपेक्षा होती. पण त्या सकाळी शेडमधून गाडी बाहेर काढताना त्यांनी पेडलवर पाय ठेवला, तर पेडल खाली, आणखी खाली, पार तळाला गेलं. गाडी मात्र कुणाची घाई नाही अशा थाटात गेटापर्यंत गेली, तिथली मातीची कुंडी तिनं आडवी केली आणि मग थांबली. थांबली ती कुंडीमुळे. ब्रेकचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

थोरले खाली उतरले. त्यांनी कुंडी उभी केली, माती आत लोटली आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणाच्या नजरेस पडलं नसावं असं वाटून त्यांच्या जिवात जीव येतोय, तोच खालच्या मजल्यावरच्या खिडकीचा पडदा हलला. म्हणजे धाकट्यांनी पाहिलं होतं! कुंडीच काय, गेट पडलं असतं तरी थोरल्यांनी सोसलं असतं. हे नको होतं.

थोरले आणि धाकटे हे सख्खे भाऊ. थोरले वरच्या मजल्यावर राहायचे, धाकटे खालच्या. गेली नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर प्रत्येक जण तासभर सांगेल, म्हणून थोडक्यात उरकू. थोरले पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे. धाकट्यांनी कानाच्या यंत्रांचं दुकान काढलं, तेव्हा त्या उद्घाटनाच्या पत्रिकेत थोरल्यांना सात चुका सापडल्या. सापडल्या तर सापडल्या. पण त्या लाल शाईनं दाखवून ती पत्रिका त्यांनी भर समारंभात, पाहुण्यांच्या देखत धाकट्यांच्या हातात ठेवली. "तुला चुकांशिवाय आयुष्यात दुसरं काही वाचता आलंय का?" एवढं बोलून धाकट्यांनी जे तोंड मिटलं, ते मिटलंच. थोरल्यांनीही मिटलं. दिवसभर परक्यांना ऐकू यावं म्हणून झटणारा हा माणूस घरी आला की सख्ख्या भावाच्या बाबतीत ठार बहिरा व्हायचा.

दोन मजल्यांमधला सगळा पत्रव्यवहार थोरल्यांच्या बायकोमार्फत चाले. तिला अख्खी गल्ली वहिनी म्हणायची. पाण्याची टाकी, विजेचा खटका, जिन्यातला दिवा या सगळ्या विषयांवर दोन्ही बाजूंचे निरोप ती नऊ वर्षं वरखाली वाहत होती, आणि वाहता वाहता त्यांना चांगलं धुऊन, वाळवून, इस्त्री करून पोचवत होती. "त्या मूर्खाला सांग, टाकी भरून वाहतेय," असा निरोप वरून निघाला, की खाली पोचेपर्यंत त्याचं "भावजी, टाकी भरली वाटतं, जरा बघता का?" असं होई. तिच्या या कौशल्यामुळेच घराला अजून कुलूप लागलं नव्हतं, आणि पुढे जे रामायण झालं तेही तिच्या याच कौशल्यामुळे.

राहता राहिली गाडी. ती वडिलांची. लांब नाकाची, कापडी छपराची, चाळीस वर्षांची दोन सीटची स्पोर्ट्स गाडी. वडिलांनी जाताना ती दोघांच्या नावावर केली. मुलगे दोन, सीटा दोन, असा सरळ विचार त्यांनी केला असावा. तेव्हापासून ती शेडमध्ये उभी होती. थोरले विषम तारखांना तिच्यात बसत आणि धाकटे सम तारखांना. चालवत कुणीच नव्हतं.

आणि अशात वाहन कार्यालयाचं पत्र आलं. गाडी जुनी झाल्यामुळे तिची नव्यानं तपासणी करून घ्यावी. दोन्ही मालकांनी जातीनं हजर राहावं. ब्रेकच्या चाचणीत गाडी नापास झाल्यास नोंदणी रद्द होऊन ती भंगारात काढण्यात येईल. तारीख तीन आठवड्यांनंतरची. म्हणून तर थोरल्यांनी त्या सकाळी गाडी शेडबाहेर काढून पाहिली होती.

थोरले मुदत वाढवून घ्यायला कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी त्यांच्यापुढे एक फॉर्म सरकवला.

"दोघांच्या सह्या लागतील," बाई म्हणाल्या. "आणि इथे दोघांचं नातं लिहा."

थोरल्यांनी 'भाऊ' असं लिहिलं.

"सख्खे?"

"सख्खे."

"राहतात कुठे ते?"

"खालच्या मजल्यावर."

"मग सही आणायला अडचण काय?"

"हीच," थोरले म्हणाले.

बाईंना काही समजलं नाही. त्यांनी फॉर्म परत घेतला, त्यावर 'अपूर्ण' असा शिक्का मारला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. फॉर्मवर 'उपस्थित'मधला स्थ चुकीचा छापलेला होता. पण तो दाखवायची हिंमत त्या दिवशी थोरल्यांना झाली नाही, यावरून त्यांच्या मनःस्थितीची कल्पना यावी.

ब्रेक बिघडल्याची बातमी गल्लीत पसरायला दुपार पुरली. सर्वांत आधी शेजारचे होमिओपॅथ आले. ते गाडीजवळ उभे राहिले, तिच्या बॉनेटवर हलकेच हात ठेवला आणि विचारलं, "पेडल सकाळी जास्त मऊ असतं की संध्याकाळी?"

"दिवसभर सारखंच."

"थंडीत त्रास वाढतो?"

"माहीत नाही हो."

"घरात आधी कुणाला...?" एवढं बोलून ते स्वतःच थांबले. "मुळापर्यंत जायला हवं," असं सांगून ते गेले. जाताना त्यांनी खालच्या मजल्याकडे एक सूचक नजर टाकली. ती थोरल्यांना अजिबात आवडली नाही.

मग आले फौजी. हे कोपऱ्यावर राहायचे; तीस वर्षं सैन्यात ट्रक चालवून निवृत्त झाले होते. त्यांनी पेडल दाबून पाहिलं आणि दिलखुलास हसले. "अहो, ब्रेक हा भित्र्या माणसांचा छंद आहे! गिअर उतरवत जायचं, गाडी आपोआप थांबते. मी डोंगरातून उतरताना ब्रेककडे बघायचोसुद्धा नाही."

"पण इन्स्पेक्टर बघतो ना," थोरले म्हणाले.

"त्याला माझ्याकडे पाठवा," फौजी म्हणाले.

शेवटी थोरल्यांनी जुन्या गाड्यांच्या मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्री आले ते कुबड्यांवर. त्यांचा उजवा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. गॅरेजातल्या खड्ड्यात पडले होते. "गाडी तपासतो," त्यांनी आल्या आल्या बजावलं, "पण पेडल दाबायला सांगू नका आणि जमिनीवर बसायला सांगू नका. उरलेलं सगळं करतो." उरलेलं म्हणजे बोलणंच होतं, पण त्यात ते तरबेज होते.

त्यांनी शेडच्या दारात स्टूल मांडून घेतलं आणि थोरल्यांना कामाला लावलं. ब्रेक ऑइलची डबी उघडा: भरलेली आहे. चारही चाकांच्या मागे हात फिरवा: कोरडं आहे, म्हणजे गळती नाही. रबरी नळ्या चिमटीत धरा आणि वहिनींना पेडल दाबू द्या: नळ्या फुगत नाहीत, म्हणजे त्याही चांगल्या. आता पेडल जोर लावून एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली सरकतंय का? नाही? मग मास्टर सिलिंडर ठणठणीत आहे. आता भराभर तीनचारदा दाबा. कडक झालं?

"झालं!" थोरले आनंदानं ओरडले.

"जरा थांबून परत दाबा."

"परत मऊ."

"हवा," मेस्त्री म्हणाले. "नळीत हवा शिरलीय. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता ते चाकापर्यंत पोचतच नाही, मधल्यामध्ये हवाच खाऊन टाकते. काढून टाका. सोपं काम आहे, फक्त दोन माणसं लागतात. एक पेडलवर. एक चाकामागे, हवा काढायच्या बोल्टवर पाना लावून. पेडलवाल्यानं दाबायचं आणि धरायचं. चाकवाल्यानं बोल्ट सैल करायचा, बुडबुडे बाहेर येतील, बोल्ट आवळायचा. आवळल्यावर, ऐकताय ना, आवळल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर बाहेरची हवा परत आत. दाब, धर, सोड. तीन शब्दांचं काम आहे."

थोरल्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदर खोचून पेडलकडे निघाल्याही होत्या. इतक्यात खालच्या मजल्याचा दरवाजा उघडला आणि धाकटे पायरीवर येऊन उभे राहिले. त्यांनी आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या यांना सांगा, निम्मी गाडी माझी आहे. माझ्याशिवाय तिच्या एका बोल्टला हात लागता कामा नये."

थोरल्यांनी छपराकडे पाहिलं. "त्याला विचार, निम्मी म्हणजे कुठली? उजवी की डावी?"

"हे विचारतायत," वहिनी धाकट्यांना म्हणाल्या, "तुम्हाला कुठे बसायला आवडेल?"

"पेडलवर," धाकटे म्हणाले आणि सरळ जाऊन ड्रायव्हरच्या जागी बसले.

अशा रीतीनं पुढच्या रविवारी सकाळी कामाला मुहूर्त लागला. धाकट्यांची बायको नर्स. रविवारी तिची पाळी असे, त्यामुळे ती या प्रकरणातून सहीसलामत सुटली. धाकटे गाडीत बसले, पाय पेडलवर. थोरले मागच्या डाव्या चाकामागे उकिडवे बसले, हातात पाना, बोल्टला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. आणि दोघांच्या मध्ये, दोन देशांच्या सरहद्दीवर उभ्या असाव्यात तशा वहिनी.

"दाबायला सांग त्याला," थोरले म्हणाले.

"भावजी, दाबता का?"

"दाबलंय म्हणावं."

"दाबलंय म्हणतात."

थोरल्यांनी बोल्ट सैल केला. नळीतून तेल आलं, तेलात बुडबुडे आले. थोरल्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "निघाली! हवा निघाली! आता त्या गाढवाला सांग, मी बोल्ट आवळेपर्यंत पाय हलवलास तर तंगडी मोडीन!"

आता हा निरोप जसाच्या तसा पोचवणं वहिनींच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला, गाढव काढून टाकलं, तंगडीचं काय करावं ते ठरवलं, आणि मग गोड आवाजात म्हणाल्या, "भावजी, हे म्हणतायत, तुमच्या पायाला फार ताण पडत नसेल ना? नसेल तर एवढ्यात..."

"नाही, नाही, ताण कसला," असं म्हणत धाकट्यांनी पाय उचलून दाखवला.

नळीतलं तेल एकदम मागे फिरलं आणि बोल्टच्या आट्यांतून हवा फुर्रकन आत शिरली. तेवढ्यात थोरल्यांच्या गुडघ्यानं बाटली आडवी केली. ब्रेक ऑइल रंग खातं हे मेस्त्रींनी सांगितलं होतं. ते किती भूक लागल्यासारखं खातं हे मात्र त्या दिवशी कळलं. मागच्या चाकावरच्या पत्र्याचा तळहाताएवढा रंग दुपारपर्यंत सुरकुतून उभा राहिला.

चारही चाकं करून झाली तेव्हा पेडल पूर्वीपेक्षाही मऊ झालं होतं. आधी उशीवर पाय ठेवल्यासारखं वाटायचं. आता उशीतला कापूसही कुणी काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

"त्याला सांग, त्यानं सगळीकडे आधी सोडलं," थोरले म्हणाले.

"यांना सांगा, यांनी सगळीकडे उशिरा आवळलं," धाकटे म्हणाले.

"दोघंही म्हणतायत, थकलात, आता जेवा," वहिनी म्हणाल्या.

तो आठवडा थोरल्यांनी वाईट काढला. छापखान्यात इतिहासाच्या पुस्तकाचं मुद्रित समोर असायचं आणि 'राजानं शत्रूवर दाब आणला' या वाक्याशी आले की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप खाली जायचा. तारीख जवळ येत होती. गाडी भंगारात जाणार हे त्यांनी मनाशी बोलूनही पाहिलं, पण मग वडिलांचं कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालेली दाराची कड डोळ्यांपुढे यायची आणि ते ताटावरून उठायचे. आणि सर्वांत वाईट म्हणजे, हे ज्याला सांगावं, ज्याला सांगताच कळलं असतं, असा माणूस जगात एकच होता आणि तो खालच्या मजल्यावर होता.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तोच सोहळा झाला. या वेळी फौजी आणि होमिओपॅथ बघायला आले, आणि होमिओपॅथांनी तर घडीची खुर्चीही आणली. पेडल होतं तसंच. थोरल्यांनी नव्या नळ्या मागवाव्यात असं ठरवलं. धाकट्यांनी, वहिनींमार्फत, मास्टर सिलिंडरच बदलावा असं सुचवलं. फौजींनी गिअरचा मुद्दा परत काढला. अखेर तपासणीला दोन दिवस उरले तेव्हा दोघांनीही रजा टाकली आणि मेस्त्रींना पुन्हा उचलून आणण्यात आलं.

मेस्त्री स्टुलावर बसले. "करा," म्हणाले, "मी नुसता बघतो." त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. एक चाक झालं. दुसरं झालं. तिसऱ्या चाकाशी त्यांनी हात वर केला.

"थांबा. गाडीत काही बिघाड नाही. बोल्टपाशी 'धर' म्हटल्यापासून पेडलपाशी कळेपर्यंत चार सेकंद लागतात. मोजलेत मी. एकदा तर सात लागले. हवेला आत शिरायला अर्धा सेकंद पुरतो."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"माझं चुकलं?" वहिनी लाल झाल्या. "हे त्यांना तोंडाला येईल ते बोलतात, ते यांना वाट्टेल ते बोलतात, आणि ते सगळं निवडून, खडे काढून सांगायला वेळ नको का लागायला? नऊ वर्षं मी..." त्यांनी खोचलेला पदर सोडला. "निस्तरा तुमचं तुम्ही. मी चहा ठेवायला जातेय." आणि त्या ताडताड जिना चढून वर गेल्या. जिन्याच्या वरच्या पायरीवर मात्र थांबल्या. तिथून शेड अगदी स्पष्ट दिसे.

"आता बोला एकमेकांशी," मेस्त्री म्हणाले. "तीन शब्द."

थोरल्यांनी पान्याकडे पाहिलं. धाकट्यांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. तीन शब्दच, पण ते आधी कोणी उच्चारायचे? पेडलवाल्यानं की चाकवाल्यानं? या गहन प्रश्नावर दोघेही सुमारे पाच मिनिटं चिंतन करत बसले. मग धाकटे मेस्त्रींना म्हणाले, "घंटी चालेल का? एक वाजवली की दाबायचं, दोन वाजवल्या की सोडायचं."

सायकलची घंटी आली. पहिला प्रयत्न फार सुरेख चालला होता. थोरल्यांनी एक घंटी दिली, धाकट्यांनी दाबलं, बोल्ट उघडला, बुडबुडे आले. आणि नेमका त्याच वेळी गेटासमोरून सायकलवरचा टपालवाला दोनदा घंटी वाजवत गेला. धाकट्यांनी सोडलं. इमानदारीत सोडलं. नियम तोच होता.

मग होमिओपॅथांनी सुतळी सुचवली. धाकट्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला एक टोक, थोरल्यांच्या मनगटाला दुसरं. एक हिसका म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. वयाच्या पन्नाशीत पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून घेताना धाकट्यांचा चेहरा कसा झाला होता ते थोरल्यांना चाकामागून दिसत नव्हतं, पण आपल्या मनगटाला गाठ मारताना आपला कसा झालाय ते त्यांना कळत होतं. तरी सुतळीनं काम बरं चाललं. एक हिसका, दाबलं. बोल्ट उघडला. बुडबुडे, बुडबुडे, तेल...

"काय, कुठवर आलं?" म्हणत फौजी गेटातून आत आले.

फौजींना पाहिलं की हात वर करून सलाम ठोकायची थोरल्यांची वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी ठोकला. चांगला खांद्याच्या वर हात नेऊन ठोकला. सुतळी तंग झाली, धाकट्यांचा डावा पाय अंगठ्यासकट हवेत उडाला, गुडघा स्टिअरिंगवर आदळून हॉर्न वाजला, आणि त्या हॉर्नच्या वर एक किंकाळी ऐकू आली.

"दादाऽऽ!"

"काय रे? लागलं का?"

फौजींचा हात कपाळाशीच राहिला. वरच्या पायरीवर कपबशी वाजली. थोरल्यांना आपण काय बोललो ते उशिरा कळलं आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. नऊ वर्षं. बोलायचंच झालं तर काय बोलायचं याची त्यांनी कित्येक वाक्यं मनात तयार केली होती, तपासली होती, विरामचिन्हांसकट शुद्ध करून ठेवली होती. त्यांतलं एकही हे नव्हतं.

"अंगठा," आतून धाकट्यांचा आवाज आला. "फार नाही. जरासा."

"सुतळी सोडू का?"

"सोड ना मग. विचारतोस काय?"

"बोलून झालं असेल तर," मेस्त्री म्हणाले, "तिथे बोल्ट उघडा आहे."

थोरले दचकून खाली वाकले. बोल्ट उघडा होता, पण नळीतलं तेल मागे फिरलेलं नव्हतं. डावा पाय आकाशात गेला तरी धाकट्यांनी उजवा पाय पेडलवरून तसूभर हलवला नव्हता.

"धर तसंच," थोरले म्हणाले. "सोडू नकोस."

"धरलंय."

"आवळला. सोड."

"सोडलं."

"दाब."

"दाबलं. दादा, बुडबुडे येतायत का अजून?"

"येतायत. मोठाले आहेत. तू दाब जोरात."

"जोरातच दाबतोय! तूच हळू फिरवतोस!"

"मी हळू फिरवतो? तुला पाना तरी धरता येतो का?"

जिन्यावरून वहिनी ऐकत होत्या. यातलं एकही वाक्य त्यांच्या हातून गेलं असतं तर इस्त्रीविना सुटलं नसतं. पण नळीतले बुडबुडे आधी मोठे आले, मग बारीक, मग मोहरीएवढे आणि मग नुसतं स्वच्छ, सोनेरी तेल. चार चाकं अर्ध्या तासात झाली.

"ये, बघ," धाकटे म्हणाले आणि जागेवरून उठले. थोरले आत बसले. त्यांनी पाय ठेवला. पेडल दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं. दगडासारखं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दगड. मग धाकट्यांना बघायचं होतं म्हणून ते उठले. मग परत थोरल्यांना बघायचं होतं. असे दोघे आळीपाळीनं इतका वेळ आतबाहेर करत राहिले की होमिओपॅथांनी खुर्ची मिटली.

"माझी नोकरी गेली म्हणायची," वहिनी चहाचा ट्रे घेऊन खाली येत म्हणाल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं. "मेस्त्री, तुम्हाला साखर किती?"

तपासणीच्या दिवशी दोघेही गाडीतून गेले. "तू चालव," थोरले म्हणाले होते. "दोन आठवडे तूच दाबतोयस, तुझ्या पायाला ते ओळखतं." कार्यालयाच्या मागे चाचणीचा सरळ रस्ता होता आणि त्यावर दोन पांढरे पट्टे. पहिल्या पट्ट्याशी ब्रेक मारायचा, दुसऱ्याच्या आत थांबायचं. इन्स्पेक्टर चांगले उंच आणि रुंद होते. त्यांनी एकदा गाडीच्या सीटकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे. "यात बसलो तर मला बाहेर काढायला तुम्हाला छप्पर कापावं लागेल," ते म्हणाले. "चालवणारा एकटा जाऊ दे. दुसरे मालक कोण? तुम्ही? हे टेपचं टोक धरा. गाडी कुठे थांबते ते मोजायचंय."

थोरले टेपचं टोक धरून दुसऱ्या पट्ट्याच्या कडेला उभे राहिले. धाकट्यांनी लांबवर गाडी वळवली. इंजिनाचा आवाज चढला.

"टेप लोंबतोय," पहिल्या पट्ट्यापाशी, रस्त्याबाहेर उभे असलेले इन्स्पेक्टर ओरडले. "ताठ धरा. मागे व्हा."

थोरले मागे झाले.

"अजून. अजून जरा."

थोरल्यांनी सरकारी हुकूम कधी मोडला नव्हता. टेपवर नजर ठेवून ते एक पाऊल, दोन पावलं, चार पावलं मागे गेले. टेप अगदी रेघेसारखा ताठ झाला. समाधानानं त्यांनी मान वर केली, तेव्हा ते रस्त्याच्या बरोबर मध्यावर, पट्ट्यावर उभे होते, आणि समोरून वडिलांची गाडी लांब नाक पुढे काढून त्यांच्याकडे येत होती.

इन्स्पेक्टर काहीतरी ओरडले. काचेमागे धाकट्यांचे डोळे बशीएवढे झालेले दिसले. पहिला पट्टा गेला. टायर किंचाळले, गाडीचं नाक खाली वाकलं, मागचा भाग उचलला गेला, धूळ उडाली आणि सगळं थांबलं. बॉनेट आणि थोरल्यांच्या सदऱ्याची शेवटची गुंडी यांच्यात एक वीत अंतर होतं. गरम पत्र्याची धग पोटाला लागत होती.

धाकटे दार उघडून धावत आले. चेहरा पांढराफटक. "दादा! अरे, बाजूला का नाही झालास? हललासुद्धा नाहीस!"

थोरल्यांनी तोंड उघडलं. "तू दाबशील हे माहीत होतं," ते म्हणाले.

धाकटे बघतच राहिले. त्यांनी चष्मा काढला, तो पुसला, न पुसल्यासारखा परत लावला आणि मान दुसरीकडे वळवली. तेवढ्यात इन्स्पेक्टर धापा टाकत आले. त्यांनी आधी थोरल्यांना आपादमस्तक न्याहाळलं, मग गाडीला, आणि फॉर्मवर 'ब्रेक : उत्तम' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "तीस वर्षांत असा मालक पाहिला नाही," ते म्हणाले. "या, आत येऊन दोघांनी सह्या करा."

"इथेच करतो," थोरले म्हणाले. "आणा कागद."

गरम बॉनेटवर कागद ठेवून थोरल्यांनी सही केली. तिच्याखाली धाकट्यांनी केली. इन्स्पेक्टर कागद घेऊन मान डोलावत आत गेले.

"चल, दादा, बस," धाकटे दार उघडून धरत म्हणाले. "घरी जाताना तू चालव. मी शेजारी बसतो."

"तू बस," थोरले म्हणाले. "मी आलोच."

खरी गोष्ट अशी होती की गाडी दिसल्या क्षणी त्यांच्या गुडघ्यांतलं सगळं बळ जे निघून गेलं होतं, ते अजून परतलं नव्हतं. उडी मारावी असं त्यांना तीनदा वाटलं होतं आणि तीनदाही पायांनी ऐकलं नव्हतं. हे ते कुणालाही सांगणार नव्हते. धाकट्यांना तर मुळीच नाही. शेजारच्या सीटवर बसून धाकटे काचेतून त्यांच्याकडे अभिमानानं बघत होते. थोरल्यांनी त्यांच्याकडे बघून हात हलवला, बॉनेटला जरासे टेकले, आणि पायांत जीव येण्याची वाट बघत आणखी थोडा वेळ तिथेच रुबाबात उभे राहिले.